सवलतींचा शेवट आणि आपला सीमाभाग



सरकारने एखादी सवलत जाहीर केली म्हणजे वर्तमानपत्रांत मोठा मथळा येतो. कोनशिला बसते, हारतुरे होतात, भाषणे होतात. तीच सवलत दहा-वीस वर्षांनी बंद झाली म्हणजे राजपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. पुष्कळदा त्याही येत नाहीत. मुदत संपते आणि विषय मिटतो. ज्यांच्यासाठी ती सवलत होती त्यांना ती गेल्याचे वर्षा-दोन वर्षांनी कळते. एखादा रस्ता अर्ध्यावर थांबतो, एखादा कारखाना कुलूप लावतो, आणि मग चौकशी सुरू होते. म्हणून मागासलेल्या भागाच्या विकासासाठी राज्य सरकारे जो पैसा वेगळा काढतात तो कशा रीतीने दिला जातो, तो बंद का होतो, आणि बंद होताना काय पाहिले पाहिजे, याचा आज थोडा विचार करू.

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय दूरचा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. त्या वाटणीत एकटा बीदर जिल्हाच तीन ठिकाणी गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. काही भाग आंध्र प्रदेशाला मिळाला. सोयरीक, बाजार, शेती यांचे संबंध तसेच राहिले, पण सरकारे बदलली. भाषेचा आणि सीमेचा प्रश्न आजच्या भाषणाचा विषय नाही. इतकेच लक्षात ठेवू की एकाच राजवटीतून, एकाच दारिद्र्यातून निघालेल्या या मुलखाला दोन राज्यांनी दोन निरनिराळ्या मार्गांनी वर काढण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे तुलना करण्यास यासारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

प्रथम या मदतीचे प्रकार समजून घेऊ, कारण ‘सवलत’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो. पहिला प्रकार म्हणजे भांडवली अनुदान. कारखानदाराने जमीन, इमारत, यंत्रे यांत जी रक्कम घातली तिचा काही हिस्सा सरकार रोख देते. दुसरा प्रकार म्हणजे करातील सूट. यात सरकार हातातून काही देत नाही. जे यायचे ते घेत नाही. तिसरा प्रकार म्हणजे प्रदेशासाठी वेगळा निधी किंवा मंडळ. हा पैसा कोणा एका उद्योगाला जात नाही. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांवर खर्च होतो. या तिन्हींचा शेवट निरनिराळ्या रीतीने होतो आणि त्याचे परिणामही निरनिराळे असतात.

पहिल्या प्रकारात केंद्र सरकारची १९७१ सालची योजना प्रमुख होती. मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत नवा कारखाना निघाला तर त्याच्या स्थिर भांडवलाचा ठराविक हिस्सा अनुदान म्हणून मिळे. सप्टेंबर १९८८ च्या अखेरीस ही योजना बंद झाली. तिच्या काळात एक गोष्ट ठळकपणे दिसून आली. मागास जिल्ह्यांतही उद्योग गेले ते मोठ्या शहराजवळच्या, रेल्वे-रस्त्यावरच्या जागी. खऱ्या आडरानात ते फारसे पोचले नाहीत. अनुदानाने कारखानदाराचा खर्च कमी होतो, परंतु पाणी नसेल, वीज नसेल, शिकलेला कामगार नसेल, तर त्या उणिवा अनुदान भरून काढू शकत नाही.

दुसरा प्रकार राज्यांच्या हातातला. महाराष्ट्राने १९६४ मध्ये उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली आणि पुढे ती अनेकदा नव्याने मांडली. राज्याचे अ, ब, क, ड असे विभाग पाडून जितका भाग मागास तितकी सवलत अधिक, असे तिचे तत्त्व होते. इतर राज्यांनीही अशाच योजना आखल्या. विक्रीकर हे राज्याच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन, म्हणून सवलतही मुख्यतः विक्रीकरातच दिली जाई.

तिची रीत एका कल्पित उदाहरणाने समजेल. समजा, भालकीला कोणी तेलाची गिरणी काढली आणि तिच्या मालावर वर्षाला दहा लाख रुपये विक्रीकर बसतो. करमाफी असेल तर हा कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचाच नाही. माल तेवढा स्वस्त विकला जातो. कर लांबणीवर टाकण्याची सवलत असेल तर गिरणीवाला गिऱ्हाइकाकडून कर घेतो, पण सरकारकडे भरतो दहा वर्षांनी, तोही हप्त्याहप्त्याने. मधल्या काळात ती रक्कम त्याला बिनव्याजी वापरायला मिळते. यात तिजोरीतून रोख पैसा जात नसल्याने अंदाजपत्रकात खर्च दिसत नाही आणि विधिमंडळातही कोणी फारसे विचारत नाही. सवलतींचा हा प्रकार लोकप्रिय होण्याचे एक कारण हेच होते.

पण शेजारच्या राज्यानेही तेच केले तर? बीदर हे तीन राज्यांच्या कोपऱ्यात वसलेले गाव आहे. एका बाजूस महाराष्ट्र, एका बाजूस पूर्वीचा आंध्र आणि २०१४ पासून तेलंगण. कारखानदाराला तिन्हींचे दर समोर मांडून घासाघीस करता येते. एका राज्याने सात वर्षांची सूट दिली की दुसरे नऊ वर्षांची देणार. या ओढाताणीत सर्वांच्याच तिजोऱ्या रिकाम्या होऊ लागल्या आणि उद्योगाला जिथे एरवी जायचे होते तिथेच तो गेला. शेवटी १६ नोव्हेंबर १९९९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी बोलावलेल्या बैठकीत राज्यांनी आपसांत ठरवले, की १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे किमान दर सर्वत्र सारखे ठेवावेत आणि नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती देऊ नयेत. ज्यांना आधीच पात्रता मिळाली होती त्यांची उरलेली मुदत सर्वसाधारणपणे चालू राहिली. परस्परांच्या संमतीने सवलत बंद केल्याचे हे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणता येईल.

अर्थात मोह सहजासहजी सुटत नाही. काही वर्षांतच नव्या नावाने, भरलेला कर अनुदानाच्या रूपाने परत देण्याच्या योजना निघाल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि त्या योजनांचाही पाया हलला. या कराचा नियम असा, की माल जिथे खपतो त्या राज्याला कर मिळतो. जिथे तयार होतो त्याला नव्हे. बीदरजवळच्या कोळार वसाहतीत तयार झालेला माल पुण्यास विकला गेला तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला जातो. मग कर्नाटकाने परत द्यायचे ते कशातून? म्हणूनच कर्नाटकाच्या २०२० ते २५ या काळाच्या औद्योगिक धोरणात कराशी असलेली सांगड सोडून कारखान्याच्या उलाढालीशी सांगड घालण्यात आली.

आता वचनाचा प्रश्न येतो. सरकारच्या शब्दावर विसंबून कोणी भांडवल गुंतवले आणि मध्येच सरकारने सवलत काढून घेतली तर न्याय काय? यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक प्रसिद्ध निकाल आहे. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीला वनस्पती तुपाचा नवा कारखाना काढल्यास विक्रीकरात सूट देऊ, असे उत्तर प्रदेश सरकारने कळवले होते. कारखाना निघाला आणि सरकारने शब्द फिरवला. दुसऱ्याने तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून आपली स्थिती बदलली असेल तर सरकार असलात तरी तुम्हांला मागे फिरता येणार नाही, असे न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये सांगितले. पुढील काळात या तत्त्वाला मर्यादाही पडल्या. व्यापक लोकहितासाठी सवलत मागे घेता येते असे न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले. हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील कारखान्यांना २००३ पासून उत्पादनशुल्कात दहा वर्षांची पूर्ण माफी होती. नव्या करपद्धतीत केंद्राने तिच्या जागी काही अंशच परत देण्याचे ठरवले. पूर्ण परताव्याची मागणी न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केली नाही. मात्र सरकारांनी या उद्योगांच्या गाऱ्हाण्याचा सहानुभूतीने विचार करावा, असे सुचवले.

याहून कठोर पाऊल २०२५ मध्ये पश्चिम बंगालने उचलले. १९९३ पासून दिलेल्या औद्योगिक प्रोत्साहनाच्या योजना त्या राज्याने कायदा करून मागील काळापासूनच रद्द केल्या. हा पैसा समाजातील दुर्बल घटकांच्या कल्याणासाठी वापरणे अधिक आवश्यक आहे, असे कारण देण्यात आले. उद्योगांनी कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. गरिबांसाठी पैसा हवा हे कारण हलके नाही. तथापि पुढची योजना जाहीर होईल तेव्हा त्या राज्याच्या शब्दावर कोण किती विश्वास ठेवील, हाही प्रश्न त्यातूनच उभा राहतो. नवी सवलत थांबवणे आणि दिलेला शब्द मोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २००० साली पहिली केली गेली, २०२५ साली दुसरी.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची आणि निधीचे न्याय्य वाटप होईल हे पाहण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर सोपवता येते. ही तरतूद १९५६ सालची. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. दरम्यान प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये समिती नेमली गेली. तिने रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, वीज इत्यादी बाबींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे मोजले आणि ती उणीव भरून काढण्यास किती पैसा लागेल याचा हिशेब केला. त्यालाच ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यांपैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पुढे १९९४ च्या स्थितीवरून दुसऱ्या समितीने नवा हिशेब केला तेव्हा एकूण आकडा १४,००० कोटींवर आणि मराठवाड्याचा ४,००० कोटींच्या घरात गेला. किमती वाढल्या होत्या आणि मोजण्याच्या बाबीही बदलल्या होत्या, हे खरे; तरीही दरी मिटली नव्हती, एवढे निश्चित.

या मंडळांची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. ती ३० एप्रिल २०२० रोजी संपली तेव्हा वाढ मिळाली नाही. करोनाच्या टाळेबंदीचे ते दिवस. लोकांचे लक्ष दुसरीकडे होते. मंडळे रद्द करावीत असा ठराव झाला नाही, त्यांचे काम पुरे झाले असा अहवालही आला नाही. दिनदर्शिकेवरची एक तारीख उलटली आणि मंडळे थांबली. मंडळांबरोबर निधीवाटपाचे निर्देश देण्याची राज्यपालांची विशेष जबाबदारीही मावळली. त्यांचे पुनर्गठन करावे अशी विनंती केंद्राला करण्याचे राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवले, यावरूनच ती जागा रिकामी राहिल्याची जाणीव सरकारलाही होती हे दिसते.

आता सीमेच्या या बाजूस पाहा. कर्नाटकाने २००० मध्ये डॉ. डी. एम. नंजुंडप्पा यांची समिती नेमली. तिने १७५ तालुक्यांपैकी ११४ तालुके मागास ठरवले. त्यांतील ३९ अतिमागास, आणि त्या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात. पुढे घटनेत ३७१ (जे) हा अनुच्छेद घातला गेला आणि २०१३ मध्ये या प्रदेशासाठी मंडळ स्थापन झाले. २०१९ मध्ये प्रदेशाचे नाव कल्याण कर्नाटक झाले आणि मंडळाचेही नाव तसेच बदलले. महाराष्ट्रातील मंडळे प्रामुख्याने मोजमाप आणि शिफारस करणारी होती. हे मंडळ स्वतः पैसा हाताळते आणि कामे करवून घेते. त्याची वार्षिक तरतूद १,५०० कोटींवरून २०२२-२३ मध्ये ३,००० कोटी आणि २०२३-२४ मध्ये ५,००० कोटी रुपयांवर नेण्यात आली. शिवाय या प्रदेशातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या आणि सरकारी नोकऱ्यांतही राखीव हिस्सा मिळाला. ‘स्थानिक’ म्हणजे जन्माने वा अधिवासाने या प्रदेशाचा असलेला मनुष्य. मातृभाषा कोणती हे तिथे विचारलेले नाही. औरादच्या मराठी घरातील मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळण्याचा मार्ग यामुळे रुंदावला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

म्हणजे औरादहून देगलूरला किंवा भालकीहून उदगीरला जाताना सीमेचा दगड ओलांडला की एका बाजूस मंडळ चालू आहे आणि दुसऱ्या बाजूस मुदत संपल्याने ते थांबले. यावरून कर्नाटक उदार आणि महाराष्ट्र कंजूष असा निष्कर्ष घाईने काढू नये. तरतूद मोठी झाली म्हणून काम मोठे झाले असे होत नाही. मंजूर पैसा वेळेत खर्च न होणे, वर्गखोली बांधून तयार पण शिक्षकाची जागा रिकामी असणे, अशा तक्रारी या बाजूलाही नित्याच्या आहेत. शाळेत शिकवणाऱ्याला हे रोज दिसते. दहावी-बारावी झालेली मुले आजही हैदराबादची, पुण्याची वाट धरतात. निधीचे खरे मोजमाप तिथे आहे.

मग असा निधी कधी बंद करावा? कायमचा चालावा असे कोणी म्हणणार नाही. कुबडी ही पाय बरा होईपर्यंतच. परंतु ती काढून घेण्यापूर्वी वैद्याने पाय तपासला पाहिजे. माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. एक, बंद करण्याचा आधार तारीख नसून मोजमाप असावे. ज्या उणिवा दाखवून निधी सुरू केला त्याच पुन्हा मोजाव्यात आणि तो हिशेब लोकांपुढे ठेवावा. दोन, ज्यांना शब्द दिला आहे त्यांची मुदत पुरी होऊ द्यावी. नव्यांना मात्र आधीच स्पष्ट सांगावे. तीन, हाती घेतलेली कामे आणि त्यांवरची माणसे कोणत्या खात्याकडे जाणार हे बंद करण्याच्या आदेशातच लिहिलेले असावे. नाही तर पाण्याची टाकी उभी राहते आणि पंप चालवणाऱ्याचा पगार कोणी द्यायचा हे ठरत नाही.

करमाफी संपली की कारखानदार दुसरीकडे जाऊ शकतो. बांधलेला पूल आणि शिकलेला मुलगा यांचे तसे नसते. म्हणून पैसा हाती आहे तोवर तो कशावर खर्च व्हावा, याचा आग्रह आपणच धरला पाहिजे. कल्याण कर्नाटकाच्या मंडळाचा निधीही एक ना एक दिवस थांबेल. त्या दिवसाची तयारी आज करायची असते. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे घटनेच्या त्या अनुच्छेदातच म्हटले आहे. आपल्या आमदारांकडे तो मागावा, आपल्या तालुक्याचे पान उघडावे, आणि त्यावर लिहिलेली कामे आपल्या गावात खरोखर उभी आहेत की नाहीत ते ग्रामसभेत विचारावे. मराठवाड्यातील आपल्या बांधवांनीही निदान एवढे विचारावे, की २०२० साली अनुशेष किती उरला होता आणि तो कोणी मोजला.